नर्सबाईंच्या माश्या

गळ हातात आला की बाई आधी त्याचे टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवीत आणि हलकेच ओढीत. टोक नखात अडकले तर मान डोलवीत. घसरले तर गळ तुमच्या तळहातावर परत ठेवून म्हणत, "थांबला न्हाय. घासून आना." मग तो गळ विलायतेहून आलेला असो नाही तर तुम्ही आत्ताच कागदातून सोडवलेला असो, त्यांच्या नखापुढे सगळे सारखेच. त्या नखावर बारीक रेघांची इतकी दाटी झाली होती की पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, बाईंना नखाचा काही आजार आहे.

तुमच्यापैकी कुणी दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी-मागे भाईंदरला राहिले असेल तर त्याने बाईंना पाहिले असेलच. आणि त्याने पाहिले नसेल तर बाईंनी त्याला नक्की पाहिले असेल, कारण गोडदेवपासून खारीपर्यंत त्या काळात जन्मलेल्या बहुतेक पोरांचे पहिले दर्शन त्यांनीच घेतले होते. त्या आमच्या दवाखान्यातल्या सुईणबाई. सरकारी भाषेत मिडवाइफ, गावाच्या भाषेत नर्सबाई, आणि आमच्या तोंडी नुसत्या बाई. मूळच्या उत्तनच्या, ख्रिस्ती. आज त्यांना जाऊनही पुष्कळ वर्षे झाली.

मी तेव्हा स्टेशनात माल-बाबू होतो. मालगाडीच्या वाघिणी मिठाने भरून घेण्यात दिवस जाई आणि संध्याकाळी अंगावरचा सदराही खारट लागे. अशा माणसाने रविवारी पुन्हा खाडीवरच जाऊन बसावे याचे माझ्या घरच्यांना नवल वाटे. पण मला माश्या बांधण्याचा नाद लागला होता.

माशी म्हणजे घरात घोंगावते ती नव्हे. गळाच्या दांडीवर कोंबड्याची पिसे रेशमाने आवळून केलेला तो एक खोटा जीव असतो. पाण्यातून झटके देत ओढला की पिसे मिटतात, उघडतात, आणि पुलाच्या खांबाआड दबा धरून बसलेल्या जिताड्याला वाटते, लहान मासा पळाला. झेप घेतली की गळ ओठात. आमच्या या उद्योगाला कोळीवाड्यातली माणसे पोट धरून हसत. एवढे मोठे जाळे टाकता येत असताना कोंबडीच्या पिसांनी मासा धरायचा, हा त्यांना शुद्ध वेडेपणा वाटे. तो होताच.

बाईंना हे वेड नवऱ्याकडून आले. तो रेल्वेत गार्ड होता आणि कुणा गोऱ्या इंजिनियराबरोबर हिंडून ही विद्या शिकला होता. पण त्याची बोटे जाडजूड. पिसे बांधायला बसला की घरभर उडवी. म्हणून बांधायचे काम बाईंकडे आले. पुढे तो तापाने गेला. त्याची गळाची काठी वर्षभर कोपऱ्यात उभी होती. मग एका रविवारी चर्चमधून परतल्यावर बाईंनी ती उचलली आणि तडक खाडीच्या धक्क्यावर येऊन उभ्या राहिल्या. विधवा बाई गळ टाकते म्हणून गावात कुजबूज झाली. बाईंच्या कानावर गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "पोर काडते तवा कोन कायी बोलत न्हाय. मासा काडला का बोलतात."

धक्क्यावर आम्ही तिघे आधीपासून जात होतो. मी, मीठ खात्यातले कारकून रेगे, आणि शाळेतले पास्कल मास्तर. बाई आल्या आणि आमच्या पोरखेळाला शिस्त आली. त्यांनी अदलाबदलीचा नेम घालून दिला. रविवारी प्रत्येकाने आपण बांधलेली एक माशी काडेपेटीत घालून आणायची आणि दुसऱ्याला द्यायची. आपली माशी आपण वापरायची नाही. आठवड्यात सवड होईल तेव्हा दुसऱ्याची माशी पाण्यात टाकायची आणि पुढच्या रविवारी ज्याने बांधली त्याच्या तोंडावर सांगायचे, मासा आला का, पिसे टिकली का, गाठ धरली का. गोड बोलायची मुभा नव्हती. "पाठीमागं नावं ठेवायची आन तोंडावर वा वा करायची, ते लग्नात. हितं न्हाय," असे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते.

त्या स्वतः कुणाची भीड ठेवत नसत. पास्कल मास्तरांनी एकदा खंड्याची गळलेली निळी पिसे गोळा करून अशी देखणी माशी बांधली की आम्ही दोघे पाहतच राहिलो. बाईंनी ती उन्हात धरून फिरवली आणि विचारले, "मास्तर, ही लग्नाला न्यायची का पान्यात टाकायची?" रेग्यांची माशी नेहमी पोटाशी जाड होई. तिच्यावर बाईंचा दाखला ठरलेला असे. "रेगे, हिला दिवस गेलेत. हिला पान्यात नगो, माज्याकडं नाव घालायला पाठवा."

रेगे मनापासून हसत. स्वभावाने ते फार मऊ. कुणाचे मन दुखावेल असे वाक्य त्यांच्या तोंडून निघायला अर्धा तास लागे. माझ्या माशीत खोट सांगताना ते आधी माझ्या घरच्यांची चौकशी करीत, मग हवेबद्दल बोलत, आणि मी कंटाळून "गाठ सुटली ना?" असे विचारले की सुटका झाल्यासारखे मान हलवीत.

बाईंची स्वतःची माशी मात्र दहांत ओळखू येई. पांढऱ्या कोंबड्याची पिसे आणि गळ्याशी तांबडे रेशीम. ते रेशीम त्यांनी आपल्या लग्नाच्या लुगड्याच्या काठातून उसवलेले. मास्तर चर्चमधल्या मेणबत्त्यांचे थोटके आणून देत, त्या मेणातून धागा ओढायचा आणि माशीच्या डोक्याशी शेवटची गाठ घालून वर लाखेचा थेंब सोडायचा. ती डोक्याची गाठ सगळ्यांत महत्त्वाची. ती ढिली राहिली तर वरचे सगळे कसब पाण्यात जाते. बाईंची गाठ आम्ही कधी सुटलेली पाहिली नव्हती.

त्यांना धक्क्यावरून बोलावणी येत. एकदा त्यांच्या काठीला चांगला दांडगा मासा लागला होता, काठी वाकून पाण्याला टेकत होती, इतक्यात गोडदेवचा एक माणूस धापा टाकीत आला. बाईंनी काठी माझ्या हातात कोंबली आणि पदर खोचून चालूही लागल्या. "बाई, मासा!" मी ओरडलो. "मासा गेला तर गेला. पोर थांबायचं न्हाय," असे म्हणेपर्यंत त्या मिठागराच्या बांधावर पोचल्या होत्या. मासा अर्थातच गेला. पुढच्या रविवारी मला त्यावरून बोलणी खावी लागली ती वेगळीच.

लढाई सुरू झाली आणि विलायती गळ बाजारातून नाहीसे झाले. मग आम्ही जुन्या माश्या उसवून त्याच गळांवर नव्या बांधू लागलो. एकेक गळ चौघांच्या हातांतून इतका फिरला की तो मुळात कुणाचा, हे कुणाला सांगता आले नसते. त्या दिवसांत अदलाबदलीला वेगळीच किंमत आली होती. बाहेर सगळीकडे अफवा, टंचाई, कुणाचा कुणाला भरवसा नाही. रविवारी सकाळी मात्र चार माणसे एकमेकांना खरे सांगायला जमत. मला त्याचा फार आधार वाटे, हे मी तेव्हा कुणाजवळ बोललो नाही.

अशातच एका रविवारी बाईंची माशी माझ्या वाट्याला आली. मंगळवारी ओहोटीला ती टाकली. दुसऱ्या फेकीला दोरी हलकी लागली म्हणून गुंडाळून पाहतो तर गळ उघडा, आणि त्याला तांबडे रेशीम लोंबत असलेले. माझा विश्वास बसेना. रविवारी धक्क्यावर गेलो आणि नेमाप्रमाणे सांगितले.

"बाई, सुटली. दुसऱ्याच फेकीला."

"डोक्यापासनं का शेपटीपासनं?"

"डोक्यापासून. गाठ बसलीच नव्हती."

बाईंनी आपली बोटे एकमेकांवर चोळून पाहिली. मग म्हणाल्या, "बरं केलं सांगितलं, बाबू." एवढेच. त्या दिवशी त्यांनी कुणाच्याच माशीची थट्टा केली नाही.

परतताना रेगे माझ्यावर उखडले. रेगे उखडलेले मी तेवढेच पाहिले. "एवढं तोंडावर मारायचं असतं का? वय झालंय त्यांचं. जगात त्यांना हौस म्हणून ही एवढीच." मी म्हटले, नेम त्यांचाच आहे. रेगे म्हणाले, "नेम माणसासाठी असतात."

पुढच्या आठवड्यात बाईंची माशी रेग्यांकडे होती. रेग्यांची धाकटी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस अगदी भरत आले होते. घरात धांदल, तरी रविवारी रेगे धक्क्यावर आले आणि आले ते हातात हातभर लांबीचा जिताडा लोंबकळवीतच.

"बाई, ही तुमच्या माशीची कमाई!"

बाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. वय दहा वर्षांनी उतरले. त्यांनी खाली बैठक मारली, मासा मांडीवर घेतला, त्याच्या अंगावरून हात फिरवला. मग अंगठा त्याच्या तोंडात घालून ओठाच्या कडेने हळूहळू फिरवू लागल्या. एका बाजूने फिरवला, दुसऱ्या बाजूने फिरवला. मग बोटे गलफडांवर नेली. चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, पण त्यातला जीव गेला.

"ह्याच्या ओठाला भोक न्हाय, रेगे."

रेगे टोपी सारखी करू लागले.

"गलफडाला सुताचा वळ हाय. हा जाळ्यातला हाय. सकाळी कोलिनीकडनं घेतला?"

गळाने धरलेल्या माशाच्या ओठाला गळ लागल्याची खूण असतेच असते. रेग्यांना हे माहीत नव्हते असे नाही. पण प्रेमाने खोटे बोलायला निघालेल्या माणसाला एवढे भान कुठले राहायला! त्यांनी मान खाली घातली. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हो, बाई..."

"माजी माशी कुटं हाय?"

रेग्यांनी खिशातून काडेपेटी काढली. आत गळ एकीकडे आणि पिसे एकीकडे पडली होती. "पहिल्याच फेकीला," ते पुटपुटले.

बाईंनी काडेपेटी मिटली. "तुमची पोर कितव्यात हाय?"

"नववा सरत आलाय."

"तिचं बाळंतपन कोन करनार?"

"असं काय विचारता? तुम्हीच."

"आन तुमी मला सांगता माजी माशी चालली!"

बाईंचा आवाज चढलेला आम्ही कधी ऐकला नव्हता. धक्क्यावर जाळी सुकवीत बसलेल्या बायाही वळून पाहू लागल्या. मग आवाज आपोआप खाली आला आणि त्या बोलल्या त्या आमच्याशीच.

"दोन वरसं झाली, दिव्याभोवती मला कडं दिसतं. बारीक धागा दिसत न्हाय, बोटांनी बांधते. आता बोटंबी ऐकत न्हायत का काय, ते मी कुनाला इचारू? डाक्तर आठवड्यातनं एकदा येतो, सही करतो, जातो. बाळंतिनी पाया पडतात. पाया पडनारं मानूस खरं सांगतं का? रविवारी तुमी तिघं खरं सांगता, म्हनून सोमवारी मी दवाखान्यात जाते. मला दुसरा आधार न्हाय." त्यांनी आपली बोटे रेग्यांपुढे धरली. "ह्याच बोटांनी मी नाळ बांधते, रेगे. ती गाठ सुटली तर पोर रगत जाऊन मरंल. तवा कोलिनीकडनं काय आनाल?"

रेगे धक्क्याच्या दगडावर बसून लहान मुलासारखे रडले. पास्कल मास्तर पाण्याकडे तोंड करून उभे होते. आम्ही इतकी वर्षे त्या काडेपेट्यांना रविवारची करमणूक समजत होतो. ही बाई त्यातून आपल्या हातांची परीक्षा घेत होती आणि आमच्या भरवशावर लोकांच्या लेकीसुनांना हात लावत होती. अजून कुठे काही वाईट घडले नव्हते ही देवाची कृपा.

बाई उठल्या. "उद्या सकाळच्या गाडीनं पोरीला खाडीपलीकडं न्या. वसईच्या इस्पितळात मी शिकवलेली पोरगी हाय. तिचा हात चांगला हाय."

रेग्यांच्या घरी यावरून रडारड झाली. बायको म्हणाली, बाईच हव्यात, दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही. शेवटी बाईंनीच तोड काढली. "मी संगती येते. पन भाईर बसनार." आणि तशा त्या गेल्या.

बाळंतपणाच्या दिवशी ड्यूटी आटोपून मी दुपारी पूल ओलांडून वसईला गेलो. इस्पितळाच्या व्हरांड्यात एका बाकावर रेगे बसले होते आणि दुसऱ्या टोकाला बाई. आयुष्यभर दाराच्या आत राहिलेल्या त्या, आज आम्हा पुरुषांबरोबर बाहेर बसल्या होत्या. आतून कण्हणे ऐकू आले की त्यांचे अंग पुढे झुके. ओठ हलत. "आता दम धर... आता जोर कर..." हे त्या आपल्याशीच पुटपुटत होत्या. मध्येच उठून नळावर गेल्या, कोपरापर्यंत हात धुऊन आल्या आणि पुन्हा बसल्या. थोड्या वेळाने परत धुऊन आल्या. त्या हातांना काहीच काम नव्हते.

ऊन व्हरांड्यातून निघून गेले तेव्हा आत बाळाने टाहो फोडला. रेगे उभे राहिले आणि काय करावे ते न कळून पुन्हा बसले. काही वेळाने बाईंची ती शिष्या फडक्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन बाहेर आली आणि आजोबांकडे न जाता सरळ बाईंकडे गेली. फडके बाजूला करून म्हणाली, "बाई, बघा ना."

बाईंनी डोळे नेले नाहीत, बोटेच नेली. बाळाचे डोके, टाळू, छाती, आणि मग नाळेवरची गाठ. त्या गाठीवर त्यांची दोन बोटे पुष्कळ वेळ राहिली. तोंडावर खरे सांगायचा नेम त्यांनीच घातलेला होता.

"चांगली बांधलीस," त्या म्हणाल्या. "मला आता अशी जमत न्हाय."

ती शिष्या रडू लागली. बाईंनी बाळ तिच्या हातात परत दिले. "रडतेस काय? डोळे जप."

भाईंदरला परतल्यावर बाईंनी दवाखान्याच्या किल्ल्या देऊन टाकल्या. गावाने नाना तर्क केले. म्हणे पगारावरून बिनसले, म्हणे डॉक्टरशी भांडण झाले. बाईंनी खुलासा केला नाही आणि आम्हालाही करू दिला नाही. दवाखान्यात मुंबईहून शिकून आलेली एक तरुण नर्स आली. बाई रविवारी धक्क्यावर येत राहिल्या, पण काडेपेटी आणीत नसत. आम्ही पुढे केलेली माशीही घेत नसत. बांधत नाही तर घेणार नाही, हा त्यांचा हट्ट. रेगे दर खेपेला "बाई, एवढी घ्या" म्हणत आणि त्या दर खेपेला त्यांची मूठ मिटून देत. त्या दोघांत अढी अशी राहिली नव्हती. रेग्यांच्या नातीचे बारसे बाईंच्याच मांडीवर झाले.

एका संध्याकाळी मी घासलेटची बाटली द्यायला त्यांच्याकडे गेलो होतो. दारात खडखडत एक बैलगाडी येऊन थांबली. खारीची एक म्हातारी खाली उडी मारतच ओरडली, "बाई, उठा! सून अडली हाय!" गाडीत गोधडीखाली कुणी तरी कण्हत होते.

बाई ताडकन उठल्या. हात भिंतीवरच्या खुंटीकडे गेला, जिथे त्यांची पिशवी असायची. खुंटी रिकामी होती. हात तिथेच थांबला. मग त्या दाराकडे गेल्या, दार लावून घेतले, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"दवाखान्यात न्या," त्या आतून म्हणाल्या. "नवी बाई हाय तिकडं. लौकर न्या."

"माजा ल्योक तुमीच काडला, बाई! नातूबी तुमच्याच हातानं येऊ द्या! ती कालची पोर, तिला काय कलतंय?"

"तिला दिसतं!" बाई ओरडल्या. "मला न्हाय दिसत! जा!"

भाईंदरभर आमच्याखेरीज जे कुणाला ठाऊक नव्हते ते त्यांनी एका दमात सांगून टाकले होते. मग गाडीवानाने बैलांना हाळी दिली. चाके फिरल्याचा आवाज आला तशी बाईंनी कडी काढली आणि अनवाणीच रस्त्यावर आल्या. मीही मागोमाग आलो. अंधारून येत होते आणि त्यांना काही दिसत नव्हते हे मला कळत होते.

"बाबू, गाडी दवाखान्याकडं वळली का?"

"वळली."

"खरं सांगा."

"वळली, बाई. दवाखान्याकडेच वळली."

चाकांचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आज कडी घातली, उद्या हात ऐकायचा न्हाय. आता मला हितं ऱ्हाता येनार न्हाय." दुसऱ्या दिवशी कळले, खारीच्या त्या सुनेला मुलगा झाला आणि दोघे सुखरूप आहेत. मी धावत सांगायला गेलो तेव्हा बाई सामान बांधत होत्या. "नाळ कुनी बांधली?" त्यांनी विचारले. नव्या बाईने, मी म्हटले. त्यांनी मान डोलवली आणि पुन्हा बोचक्याची गाठ आवळू लागल्या.

शनिवारी त्यांचा भाऊ गाडी घेऊन आला आणि त्यांना उत्तनला घेऊन गेला. रविवारी धक्क्यावर आम्ही तिघेच होतो.